अंथरूण आणि पाय : जॉन वेस्ली यांच्या द्रव्यविषयक उपदेशाचे परीक्षण

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपल्या घरांतून इतकी रुळलेली आहे की, एखाद्या पाळकाने ती उपदेशपीठावरून उच्चारली तर ती शास्त्रातलीच असावी असे अनेक श्रोत्यांस वाटून जाते. म्हणीत शहाणपण आहे यात संशय नाही. मिळकतीबाहेर खर्च करणारा मनुष्य कर्जात शिरतो, ते फेडण्यासाठी दुसरे कर्ज काढतो, आणि शेवटी ज्या सणासाठी ऋण काढले तो सण विसरला जातो. ऋण मात्र राहते. परंतु ही म्हण एवढेच सांगते की, पाय अंथरुणाबाहेर जाऊ नयेत. अंथरूणच मोठे झाले तर काय करावे, याविषयी ती मौन धरते; आणि त्या मौनाचा अर्थ लोक आपापल्या सोयीने लावतात. पगार वाढला की राहते घर लहान वाटू लागते. आखातातून मुलाचा पैसा येऊ लागला की, चालत असलेली गाडी जुनी दिसू लागते. धाकट्याचे लग्न थोरल्याच्या लग्नाहून मोठे झाले पाहिजे असा हट्ट घरात धरला जातो. पाय अंथरुणातच असतात, म्हणून कोणी दोष देत नाही. मन मात्र पूर्वीइतकेच असमाधानी राहते. ख्रिस्ती समाधानाचा प्रश्न, म्हण जेथे संपते तेथे सुरू होतो.

या प्रश्नाला ज्या थोड्या उपदेशकांनी स्पष्ट, किंबहुना आकड्यांत मांडता येईल असे उत्तर दिले, त्यांत जॉन वेस्ली यांची गणना केली पाहिजे. ‘द्रव्याचा उपयोग’ हा त्यांचा उपदेश १७६० साली त्यांच्या उपदेशसंग्रहाच्या चौथ्या खंडात प्रसिद्ध झाला. बेळगाव, वडोदरा, हैदराबाद या भागांतील ज्या मंडळ्या मेथडिस्ट परंपरेतून आल्या आणि १९८१ साली स्वायत्त झालेल्या भारतीय मेथडिस्ट मंडळीत ज्यांचा समावेश झाला, त्यांना हा उपदेश वारशानेच मिळालेला आहे. आणि त्यातील तीन नियम अन्य परंपरांच्या पाळकांनाही तोंडपाठ असतात. जितके मिळवता येईल तितके मिळवावे, जितके राखता येईल तितके राखावे, जितके देता येईल तितके द्यावे, असा त्या नियमांचा आशय. नियम सुटसुटीत आहेत आणि तोच त्यांचा धोका आहे. सुटसुटीत गोष्ट मूळ ग्रंथापासून सुटते आणि ज्याच्या हाती पडेल त्याच्या कामास येते. म्हणून नियम बाजूस ठेवून मूळ उपदेशच पुन्हा एकदा वाचून पाहावा, त्यात काय आहे व काय नाही हे तपासावे, आणि आपल्या मंडळ्यांपुढे तो कोणत्या रीतीने मांडणे उचित होईल याचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उपदेशाची मांडणी

उपदेशाचा आधार लूक १६:९ हे वचन आहे. अन्यायी कारभाऱ्याच्या दाखल्यावरील ते भाष्य. भल्याभल्या भाष्यकारांची त्याने त्रेधा उडविलेली आहे. वेस्ली त्या अडचणीत गुंतून पडत नाहीत. कारभाऱ्याची लबाडी नव्हे, तर त्याची दूरदृष्टी प्रभूने पुढे ठेवली, एवढे सांगून ते थेट मुद्द्याला हात घालतात : जगातील माणसे आपल्या व्यवहारात जे चातुर्य दाखवितात ते देवाची लेकरे आपल्या द्रव्याच्या बाबतीत का दाखवीत नाहीत? द्रव्याला शिव्या देण्याची कवींची व तत्त्वज्ञांची रीत त्यांना मान्य नाही. दोष द्रव्याचा नसून द्रव्यलोभाचा आहे. देवाच्या लेकरांच्या हाती तेच द्रव्य भुकेल्याचे अन्न, उघड्याचे वस्त्र आणि परक्याचा निवारा होऊ शकते. आपल्याकडे वैराग्याचा आदर फार जुना आहे. त्यामुळे द्रव्य म्हणजे मळ, त्याला स्पर्श न करील तो श्रेष्ठ, असा भाव आपल्या ख्रिस्ती उपदेशांतूनही नकळत डोकावतो. वेस्लींचा उपदेश या भावाच्या विरुद्ध आहे, आणि तो शास्त्राला धरूनच विरुद्ध आहे, असे आमचे मत आहे.

पहिल्या नियमाच्या विवेचनात हा उपदेश सर्वांत अधिक बोलका होतो. मिळवावे खरे, परंतु स्वतःच्या जिवाची, शरीराची आणि मनाची हानी करून मिळवू नये, तसेच शेजाऱ्याचे नुकसान करूनही मिळवू नये. हे सांगताना वेस्ली सामान्य विधानांवर थांबत नाहीत. धंद्यांची यादीच देतात. सोमल हाताळणारे, वितळत्या शिशाची वाफ छातीत ओढणारे कामगार. अवघडलेल्या बैठकीत तासन्‌तास लिहीत बसणारे कारकून. सरकारची जकात चुकविणारे व्यापारी. गहाणवटीवर जबर व्याज घेणारे. शेजाऱ्याचे दुकान बुडावे म्हणून बाजारभावाच्या खाली विकणारे. दुसऱ्याचे नोकर फितविणारे. रोग लांबवून आपले बिल वाढविणारे वैद्य. आणि या सर्वांहून कठोर शब्द ज्यांच्या वाट्याला आले ते दारू गाळणारे व विकणारे. त्यांच्या बागा, त्यांचे वाडे, सर्वांवर रक्ताचा डाग आहे, असे ते सांगतात. द्रव्यावरील उपदेश दानपेटीपासून सुरू न होता कामाच्या जागेपासून सुरू होतो, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. पैसा मंडळीत येतो त्यापूर्वी तो कोठे होता, हे विचारण्याचे धैर्य या उपदेशात आहे. आपल्या किती उपदेशांत ते असते?

दुसरा नियम राखण्याचा. येथे वेस्ली योहानाच्या पहिल्या पत्रातील तीन वासनांचा क्रम घेतात : देहाची वासना, डोळ्यांची वासना व जीविताविषयीची फुशारकी. जिभेचे चोचले, भारी वस्त्रे, अनावश्यक दागिने, महागडे सामान, चित्रे, बागा आणि लोकांनी वाहवा करावी म्हणून केलेला खर्च, हे सर्व ते एकामागून एक कापीत जातात. त्यांचे मानसशास्त्र साधे पण अचूक आहे : वासना तृप्त केल्याने शमत नाही, वाढते. म्हणून काटकसर ही केवळ पैशाची बचत नव्हे. ती वासनेला खतपाणी न घालण्याची युक्ती आहे. मुलांच्या बाबतीतही त्यांचा सल्ला कडक आहे. जो मुलगा किंवा जी मुलगी द्रव्याचा योग्य उपयोग जाणते तिच्या हाती मालमत्तेचा मोठा भाग द्यावा. इतरांना, ज्या राहणीची त्यांना सवय आहे त्या राहणीत गरज भागेल इतकेच ठेवावे. इस्टेट म्हणजे वारसांचा हक्क, असे मानणाऱ्या कोणत्याही समाजाला हा सल्ला आजही टोचेल.

परंतु उपदेशाचा कळस तिसऱ्या नियमात आहे, आणि पहिले दोन नियम त्याच्यासाठीच मांडलेले आहेत. केवळ राखून ठेवलेले द्रव्य समुद्रात फेकले काय, जमिनीत पुरले काय किंवा बँकेत ठेवले काय, वेस्लींच्या हिशेबी सारखेच. मनुष्य मालक नसून कारभारी आहे. कारभाऱ्याने खर्चाचा क्रम असा ठेवावा : प्रथम स्वतःचे अन्नवस्त्र व आरोग्यापुरत्या गरजा, नंतर पत्नी, मुले, नोकरचाकर व घरातील इतर माणसे, त्यानंतर विश्वासाच्या घराण्यातील गरजू, आणि तरीही उरल्यास सर्व माणसे. एखाद्या खर्चाविषयी शंका आली तर चार प्रश्न विचारावेत. मी येथे मालक म्हणून वागत आहे की कारभारी म्हणून? हा खर्च देवाच्या वचनास अनुसरून आहे काय? हा खर्च मी ख्रिस्ताद्वारे देवाला यज्ञ म्हणून अर्पू शकेन काय? पुनरुत्थानाच्या दिवशी याबद्दल प्रतिफळ मिळेल असे मानण्यास मला आधार आहे काय? शेवटी ते दशमांशाचाही हिशेब मोडून टाकतात. दहावा भाग नव्हे, तिसरा नव्हे, अर्धाही नव्हे. जे देवाचे आहे ते सगळेच देवाला द्यावयाचे आहे. मात्र त्या ‘सगळ्या’त स्वतःची भाकर आणि मुलांचे दूधही धरलेले आहे, ही या उपदेशाची खुबी आहे.

अठ्ठावीस पौंडांची रेषा

‘द्रव्याचा उपयोग’ या उपदेशात एक गोष्ट राहून जाते. गरजेची मर्यादा कोठे आखावी? ‘आरोग्यापुरत्या गरजा’ हे शब्द ताणावे तितके ताणता येतात. या प्रश्नाचे उत्तर वेस्लींच्याच एका पुढच्या उपदेशात सापडते, आणि दोन्ही उपदेश एकत्र वाचल्याशिवाय पहिल्याचा अर्थ पुरा होत नाही, असे आम्हांस वाटते.

१ करिंथ १२:३१ या वचनावरील ‘अधिक श्रेष्ठ मार्ग’ हा उपदेश १७८७ सालचा. तेव्हा वेस्लींचे वय ८४ वर्षांचे होते. त्यात ते ऑक्सफर्डमधील एका तरुणाची हकीकत सांगतात. त्याला वर्षाला ३० पौंड मिळत. तो २८ पौंडांत भागवी आणि ४० शिलिंग, म्हणजे २ पौंड, दान करी. पुढील वर्षी त्याला ६० पौंड मिळाले. त्याने २८ मध्येच भागविले आणि ३२ दिले. तिसऱ्या वर्षी ९० मिळाले, ६२ दिले. चौथ्या वर्षी १२० मिळाले, ९२ दिले. नाव दिलेले नाही, तरी हा तरुण म्हणजे स्वतः वेस्लीच, असे अभ्यासक सामान्यतः मानतात.

या चार ओळींच्या हिशेबात आपल्या म्हणीचे पुढचे पाऊल आहे. अंथरूण चौपट झाले. पाय तेवढेच राहिले. मिळकतीच्या आत राहणे आणि मिळकतीच्या खाली राहणे, यांतील भेद येथे उघड होतो. मिळकतीच्या आत राहणाऱ्याची मर्यादा त्याचा पगार ठरवितो. पगार हलला की मर्यादा हलते. मिळकतीच्या खाली राहणाऱ्याने मर्यादा आधीच, गरज पाहून, देवासमोर ठरविलेली असते. पगार वाढल्याने ती हलत नाही. ज्याला आपण समाधान म्हणतो तो बहुधा मनाचा एक प्रसन्न भाव असतो, आणि असा भाव सकाळी असतो व संध्याकाळी नसतो. वेस्लींच्या हिशेबातील समाधान हा भाव नाही. ती एक आखलेली रेषा आहे. मन प्रसन्न असो वा नसो, रेषा जागेवर असते, आणि हळूहळू मनच त्या रेषेशी जुळवून घेण्यास शिकते.

ही रेषा त्यांनी उतारवयापर्यंत सोडली नाही, असे दिसते. स्वस्त व सोपी पुस्तके गरिबांच्या हाती पडावीत म्हणून त्यांनी पेनीला एक अशा लहान पुस्तिका लिहिल्या; त्यांचा खप कल्पनेबाहेर झाला आणि आपण न कळत श्रीमंत झालो, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. तरीही १७७६ साली, त्यांनी आपली चांदीची भांडी करासाठी नोंदविली नसावीत अशा संशयाने सरकारी अधिकाऱ्यांचे पत्र आले, तेव्हा त्यांनी कळविले की, आपल्याजवळ लंडनला चांदीचे दोन व ब्रिस्टलला दोन असे चहाचे चार चमचे आहेत. आणि भोवती इतक्या लोकांना भाकर मिळत नसताना अधिक घेण्याचा आपला विचार नाही. या उत्तरात थोडा विनोद आहे. त्यात शोक नाही, त्यागाचा डांगोराही नाही. समाधानी मनुष्याची ओळख बहुधा अशीच पटते.

तिसऱ्या नियमाचे काय झाले?

समीक्षकाने उपदेशाच्या गुणांबरोबर त्याचे फळही पाहिले पाहिजे, आणि या बाबतीत पहिले कठोर समीक्षक स्वतः वेस्लीच होते. ‘श्रीमंतीचा धोका’ (१७८१), ‘श्रीमंतीविषयी’ (१७८८), ‘वाढत्या श्रीमंतीचा धोका’ (१७९०) असे एकामागून एक उपदेश त्यांना उतारवयात करावे लागले, हाच पहिला उपदेश अपुरा ठरल्याचा पुरावा आहे. १७८९ सालच्या, यिर्मया ८:२२ वर आधारलेल्या उपदेशात तर त्यांनी उघड हिशेब मांडला. पहिला नियम पाळणारे पुष्कळ, दुसरा पाळणारे थोडे. परंतु तिसरा पाळणारे? पन्नास हजार मेथडिस्टांत असे पाचशे तरी सापडतील काय, असा प्रश्न ते विचारतात. शंभरात एक!

याचे कारणही त्यांनी ओळखले होते. खरा धर्म माणसाला उद्योगी व काटकसरी करतो. उद्योग आणि काटकसर यांनी संपत्ती वाढते. संपत्तीबरोबर गर्व व जगाची आसक्ती वाढते. आणि त्यामुळे धर्म आटत जातो. म्हणजे धर्म आपल्याच फळाने मरतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी आपल्या प्रॉटेस्टंट नीतीवरील प्रबंधात वेस्लींचे याच आशयाचे एक टिपण पुरावा म्हणून वापरले आहे. वेबरांना रस होता तो उद्योग व काटकसर यांतून भांडवल कसे साठते यात. वेस्लींना काळजी होती ती साठलेल्या भांडवलाखाली माणसाचा आत्मा कसा दबतो याची. त्यावर त्यांना एकच उपाय दिसत होता, आणि तो तिसरा नियम होता. हा नियम गाळला तर पहिले दोन नियम कोणत्याही सावकाराला शोभतील असेच आहेत. ज्या घरात काटकसर आहे पण दातृत्व नाही, तेथे समाधान नसते; तेथे भीती असते, आणि भीतीला आपण कधी कधी साधेपणा असे नाव देतो.

देहूचे तुकोबा व्यवसायाने वाणी होते, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही. सचोटीचा उदीम करून मिळवावे आणि मिळविलेले आसक्ती न ठेवता खर्चावे, हा आशय त्यांच्या अभंगवाणीतही आहे. आणि वाट्याला आलेली कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. परंतु आपल्या उपदेशांत तुकोबांचा दाखला येतो तो बहुधा, आहे त्या स्थितीत स्वस्थ राहावे, एवढ्यापुरताच. सावकाराने ऋणकोचे कागद पाण्यात सोडले, हा अर्धा भाग आपण विसरतो. वेस्लींचा तिसरा नियम विसरला गेला त्याच रीतीने तो विसरला गेला आहे.

उपदेशातील उणिवा

इतके मान्य करूनही या उपदेशात काही उणिवा आहेत, आणि त्या झाकून ठेवणे आपल्या कामाचे नाही.

पहिली उणीव अशी की, ती अठ्ठावीस पौंडांची रेषा एका अविवाहित माणसाची आहे. वेस्ली १७२६ साली ऑक्सफर्डच्या लिंकन महाविद्यालयाचे फेलो झाले. फेलोला महाविद्यालयात राहावयास खोल्या मिळत, आणि विवाह केल्यास ते पद सोडावे लागे. १७५१ साली विवाह झाल्यावर वेस्लींनी ते सोडले. ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे आणि ज्याच्या चुलीभोवती कोणी बसलेले नाही, त्याने आपल्यापुरती रेषा आखणे सोपे असते. कुटुंबाच्या गरजा वेस्ली आपल्या क्रमात दुसऱ्या स्थानावर घालतात हे खरे. परंतु त्या गरजा कोणी ठरवावयाच्या, हे ते सांगत नाहीत. त्यांच्या काळात उत्तर गृहीत होते : घरधन्याने.

येथे त्यांची कृती त्यांच्या शब्दांहून अधिक शहाणी होती, हे नमूद केले पाहिजे. १७४९ साली त्यांचे बंधू चार्ल्स यांचा विवाह ठरला, तेव्हा वधूच्या घरच्यांनी वर्षाला १०० पौंडांच्या उत्पन्नाची हमी मागितली. जॉन वेस्लींनी आपल्या पुस्तकांच्या विक्रीतून ती हमी दिली. ज्याने स्वतः २८ पौंडांत भागविले त्याने भावाच्या संसारावर २८ पौंडांची रेषा लादली नाही. हा प्रसंग उपदेशात कोठेही नाही. पण तिसऱ्या नियमाबरोबर तो सांगितला जावा, असे आम्ही सुचवू.

आपल्याकडे या उणिवेची किंमत कोणी मोजली, हे जाणून घ्यावयाचे असेल तर १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा उघडावीत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे औदार्य आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी पत्करलेले संन्यस्त जीवन, यांचे आपण यथायोग्य गुणगान करतो. परंतु त्यांच्या दातृत्वाने रिकामा झालेला डबा पुन्हा कसा भरावयाचा, याची चिंता ज्या बाईने हसत हसत वाहिली तिच्या ग्रंथाला आपण साहित्य म्हणून वाचतो, कारभारीपणाचा पाठ म्हणून वाचीत नाही. एकाने ठरविलेली आणि दुसऱ्याने सोसलेली काटकसर हे समाधान नव्हे. रेषा घरातल्या सर्वांनी मिळून आखलेली असली पाहिजे. निदान ज्याला तिच्याखाली राहावयाचे आहे त्याचा तिच्यावर शब्द चालला पाहिजे.

दुसरी उणीव साठवणुकीसंबंधीची. द्रव्य साठविणे म्हणजे ते पुरणे, असे या उपदेशात सरसकट म्हटलेले आहे. अन्यत्र वेस्लींनी काही सवलती दिल्या आहेत : कर्जाची फेड, धंद्याचे भांडवल, आपल्यामागे मुलांना उपास पडू नये इतकी तरतूद. परंतु म्हातारपणाचे व दीर्घ आजाराचे काय? आपले अनेक पाळक आयुष्यभर मंडळीच्या घरात राहतात, आणि निवृत्तीच्या दिवशी त्यांना स्वतःचे छप्पर नसते. अशा माणसाने दरमहा थोडे बाजूस टाकले तर तो द्रव्यलोभी ठरत नाही. आपला भार उद्या दुसऱ्यावर पडू नये, हीही शेजारप्रीतीच आहे. साठा व तरतूद यांतील सीमा या उपदेशात पुसट राहिली आहे. आमच्या मते ती अशी ओळखता येईल : तरतुदीला एक नाव आणि एक मर्यादा असते, साठ्याला दोन्ही नसतात.

तिसरा आक्षेप आजचे वाचक घेतात, की हा उपदेश गरिबीची कारणे शोधीत नाही. या एका उपदेशापुरते ते खरे आहे, वेस्लींपुरते नाही. १७७३ साली अन्नधान्याच्या टंचाईवर त्यांनी लिहिले तेव्हा धान्याची दारू गाळणे, श्रीमंतांचे घोडे, लहान शेते गिळून मोठी शेते करणे, करांचा बोजा, अशी कारणे त्यांनी बोट ठेवून दाखविली. त्यापूर्वी १७४६ साली लंडनमध्ये त्यांनी गरिबांसाठी औषधालय व लहान कर्जांचा निधी सुरू केला होता. आणि जानेवारी १७८५ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, वितळत्या बर्फातून घोट्यापर्यंत पाय बुडवीत ते लंडनच्या रस्त्यांतून हिंडले आणि गरिबांच्या कपड्यांसाठी २०० पौंड भिक्षा मागून आणली. भुकेल्याला संतुष्ट राहा असे सांगणारा हा मनुष्य नव्हता.

आपल्या उपदेशपीठावर

यावरून आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. समाधानाचा उपदेश कोणापुढे करावयाचा? आपल्या मंडळ्यांत तो बहुधा ज्यांना तो सर्वांत कमी लागू पडतो त्यांच्यापुढे होतो. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला, भाडे थकलेल्या विधवेला, तुटपुंज्या मानधनावरील कॅटेकिस्टला आपण १ तीमथ्य ६:६-८ वाचून दाखवितो. आणि त्याच अध्यायातील १७ ते १९ ही वचने, जी धनवंतांना नाव घेऊन उद्देशिलेली आहेत, ती वर्षानुवर्षे वाचली जात नाहीत. ज्याची मिळकत गरजेइतकीही नाही त्याला मिळकतीच्या खाली राहावयास सांगणे हा उपदेश नव्हे, ती थट्टा आहे. त्याला प्रथम पुरेसे मिळाले पाहिजे. वेस्लींच्या क्रमातही देणे सुरू होते ते स्वतःची व कुटुंबाची गरज भागल्यानंतर.

फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायाचीही अशीच गत झाली आहे. आपण संतुष्ट राहावयास शिकलो आहो, असे पौल तेथे ११ व्या वचनात सांगतो. त्याने योजलेला मूळ ग्रीक शब्द स्तोयिक तत्त्वज्ञांच्या परिचयाचा होता. ज्याला कोणाचीही गरज नाही असा स्वयंपूर्ण मनुष्य, हा त्यांचा आदर्श. पौल शब्द त्यांचाच घेतो, पण कोणत्या प्रसंगी? एपफ्रदीताच्या हाती फिलिप्पै येथील मंडळीने पाठविलेली देणगी पोचल्याचे तो त्या अध्यायात कळवीत आहे! ज्या परिच्छेदात समाधान आहे त्याच परिच्छेदात मदत घेतल्याची कृतज्ञताही आहे. ख्रिस्ती समाधान हे कोणाचीही गरज नसण्याचे नाव नाही. शिवाय त्याने हे ‘शिकलो’ असे म्हटले आहे. आणि १२ व्या वचनात तर एखाद्या गूढ विद्येची दीक्षा घ्यावी त्या अर्थाचे क्रियापद घातले आहे. विपुलतेत कसे राहावे, हेही तो त्याच दीक्षेत शिकला. आपण उणेपणाचा अर्धा धडा शिकवितो. विपुलतेचा अर्धा धडा शिकवावयास कचरतो, कारण तो शिकणारे पुढच्या बाकांवर बसलेले असतात.

तेव्हा वेस्लींचा हा उपदेश उपदेशपीठावर आणू इच्छिणाऱ्या बंधुभगिनींस आमच्या चार सूचना आहेत. उपकारस्तुतीच्या सणाला निधी वाढावा म्हणून तो वापरू नये. त्यातील देणे प्रथम गरजूंकडे वळते, इमारतीकडे नव्हे. तिन्ही नियम एकाच दिवशी सांगावेत, किंवा सांगूच नयेत. दोन रविवारी दोन सांगून तिसरा पुढे ढकलल्यास श्रोते पहिल्या दोहोंवर समाधान मानतील. पहिल्या नियमाखाली आपल्या गावच्या धंद्यांची नावे घ्यावीत : व्याजबट्टा, भेसळ, दारू, आणि घरी काम करणाऱ्या बाईचा थकलेला पगार. आणि शेवटी, हप्त्यांवर घेतलेल्या वस्तूंनी भरलेल्या घरांना दरडावण्याऐवजी एक साधा प्रश्न द्यावा, जो नवराबायकोने व जाणत्या मुलांनी एकत्र बसून सोडवावा : पुढील वर्षी मिळकत वाढली, तर आपण कोणती गोष्ट वाढविणार नाही?

हा प्रश्न पाळकाच्या घरातही विचारला गेला पाहिजे. मात्र मंडळीच्या कारभारी समितीने त्यापूर्वी दुसरा एक प्रश्न स्वतःस विचारलेला असावा : आपण आपल्या पाळकाला व कॅटेकिस्टला जे देतो त्यात एक संसार मानाने चालतो काय? ज्याला रेषेइतकेही मिळत नाही त्याच्याकडून रेषेखाली राहण्याचा कित्ता मागणे अन्यायाचे आहे. ज्याला ती ओलांडून मिळते, तो मग लूकच्या सोळाव्या अध्यायाच्या अखेरीपर्यंत वाचत जावो. अध्यायाच्या आरंभी प्रभूने मित्र जोडण्यास सांगितले आहे. अखेरीस दाराशी पडलेला लाजर आहे. मित्र कोठे शोधावयाचे, हे त्याला आणखी कोणी सांगावयास नको.